व्हीएस कोड जड झालाय? आधी दोषी कोण ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: गेल्या काही अपडेटांपासून व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर) जड झालाय, सजेशन उशिरा येतात, लॅपटॉपचा पंखा थांबत नाही. पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच. एडिटर बदलावा का?

पुन्हा इन्स्टॉल करून सहसा काही होत नाही. सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स (एडिटरला वरून जोडलेली साधनं) यूजर फोल्डरमध्ये असतात, अनइन्स्टॉल केलं तरी ती तिथेच राहतात. त्यात सेटिंग्ज सिंक (खात्यातून सेटिंग्ज सगळ्या मशीनवर नेणारी सोय) चालू असेल तर नव्या मशीनवरही तोच पसारा येतो.

आधी लक्षण नीट बघा. टाइप केलेलं अक्षरच उशिरा उमटतंय, की अक्षर लगेच येतं पण सजेशन आणि लाल रेघा रेंगाळतात? एडिटरची विंडो एका प्रोसेसमध्ये चालते आणि बहुतेक एक्स्टेन्शन्स मिळून दुसऱ्या एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शन होस्टमध्ये. तिथे एकाने सीपीयू अडवला की बाकीची ताटकळतात. त्यामुळे पायथनची सजेशन अडकलेली दिसतात आणि दोषी निघतो भलताच कुठला तरी लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं एक्स्टेन्शन.

हेल्प मेन्यूतून प्रोसेस एक्सप्लोरर उघडा, कुठली प्रोसेस किती सीपीयू आणि मेमरी खाते ते तिथे दिसतं. एक्स्टेन्शन होस्टचा आकडा चढलेला दिसला तर कमांड पॅलेटमधून (कमांडचं नाव टाइप करायची खिडकी) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. तो निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारतो, त्रास अजून आहे का? तुमच्या उत्तरावरून पुन्हा निम्मी. ३२ एक्स्टेन्शन्स असली तरी साधारण ५ फेऱ्यांत नाव हाती येतं. प्रत्येक फेरीत तीच फाइल उघडून तेच काम करा, नाहीतर चुकीचं एक्स्टेन्शन पकडलं जाईल. नाव कळल्यावर ते लगेच काढून टाकू नका. त्याच्या गिअरच्या खुणेवरून जुनी आवृत्ती टाका आणि त्याचं ऑटो अपडेट बंद करा. ‘परवापर्यंत नीट चालत होतं’ या तक्रारीत बऱ्याचदा एडिटर तोच असतो, एक्स्टेन्शन गुपचूप अपडेट झालेलं असतं.

टीएस सर्व्हर (टाइपस्क्रिप्ट-जावास्क्रिप्टची सजेशन देणारी प्रोसेस) मेमरी खात असेल तर ‘रीस्टार्ट टीएस सर्व्हर’ ही तात्पुरती मलमपट्टी. खरा इलाज टीएसकॉन्फिगमध्ये (प्रोजेक्टची टाइपस्क्रिप्ट सेटिंग्जची फाइल): बिल्डचं आउटपुट फोल्डर ‘एक्सक्लूड’मध्ये घाला. फाइलींतले बदल टिपणारा फाइल वॉचर जास्त खाताना दिसला तर डिस्ट, व्हेन्व्ह, लॉग असली आपोआप तयार होणारी फोल्डरं सेटिंग्जमधल्या वॉचर एक्सक्लूडमध्ये टाका. स्क्रीन लुकलुकते किंवा काळी पडते तेव्हा संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्या. कमांड पॅलेटमधून रनटाइम आर्ग्युमेंट्सची फाइल उघडून हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (ग्राफिक्स चिपची मदत) बंद करून बघा.

आता दर्जा घसरला का, याबद्दल. तक्रार अगदीच खोटी नाही. एआयची बटणं आणि पॅनेलं भराभर वाढली, ज्यांना नको त्यांनाही ती दिसतात. पण काही ‘बग’ हे धोरण असतं. जानेवारी २०२४ च्या १.८६ आवृत्तीने रिमोट सर्व्हरसाठी (दूरच्या मशीनवर चालणारा एडिटरचा भाग) जीलिबसी २.२८ ही लिनक्सची मूळ लायब्ररी मागितली आणि सेंटओएस ७ (जीलिबसी २.१७) व उबुंटू १८.०४ (२.२७) या जुन्या लिनक्सवरची रिमोट कनेक्शन्स तुटली. ओरड झाल्यावर मुदत वाढवून मिळाली, पण १.९९ पासून तयार सर्व्हर पुन्हा २.२८ च्या खाली चालत नाही. तुम्ही जोडता ते मशीन असं जुनं असेल तर लॅपटॉपवर कितीही खटपट करा, उपयोग नाही. त्या मशीनची ओएस बदलून घ्या, तोवर १.९८ वर थांबा.

जुन्या आवृत्तीवर थांबायचं तर सेटिंग्जमध्ये अपडेट मोड ‘मॅन्युअल’ करा. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याबरोबर थांबतात, त्यामुळे हे महिनोन्‌महिने चालवू नका.

एक्स्टेन्शन्स बंद करूनही त्रास राहिला, तरच तो एडिटरचा बग समजा. मग इन्सायडर्स (आधी येणारी चाचणीची) आवृत्ती शेजारी टाकून तपासा, कदाचित तिथे दुरुस्त झालेला असेल. नसेल तर हेल्पमधल्या ‘रिपोर्ट इश्यू’तून कळवा, कारण आवृत्ती आणि मशीनची माहिती तो फॉर्म स्वतःच जोडतो. नुसतं ‘स्लो आहे’ असं लिहू नका. कुठली फाइल, किती ओळींची, काय केल्यावर, हे लिहा.