डाउनलाइन की गिऱ्हाईक?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं साखळी विक्रीबद्दलची आहेत: माल घ्यायचा, माणसं जोडायची आणि त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवायचं. खाली जोडलेली माणसं म्हणजे डाउनलाइन, ज्याने आपल्याला जोडलं तो अपलाइन. कंपन्यांची नावं गाळली आहेत; हिशोब सगळीकडे साधारण एकच निघतो.

भाचा एका कंपनीचा प्लॅन दाखवायला येतोय. सहा जण जोडायचे, त्यांनी पुढे सहा-सहा. कंपनी सरकारमान्य आहे म्हणतो. नाही म्हटलं तर ताई रुसेल. काय करू? (इचलकरंजी)

येऊ दे, चहा पाजा. कंपनीची नोंदणी कोणालाही करता येते. त्याने तिची योजना कायदेशीर ठरत नाही. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 नुसार जॉइनिंग फी घेता येत नाही आणि पिरॅमिड योजनेला, म्हणजे नवी माणसं जोडण्यावरच कमाई चालणाऱ्या योजनेला, सरळ बंदी आहे. पैसे फिरवणाऱ्या योजनांविरुद्धचा 1978 चा कायदा तर चालकाबरोबर सभासद होणाऱ्यालाही धरतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे भाच्याच्या कानावर घाला, त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसेल.

सहाचे सहा करत गेलं की अकराव्या पायरीवर 36 कोटींवर माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. पण गणितावर वाद घालत बसू नका. इतकंच विचारा: "ज्यांचा आयडी, म्हणजे कंपनीचा सभासद क्रमांक, नाही अशा किती जणांनी गेल्या महिन्यात तुझ्याकडून माल घेतला?" मग तो अपलाइनला फोन लावेल. ताईंशी तुम्ही आधीच बोलून ठेवा.

विमा एजंटचं कामही असंच ना? (सातारा)

नाही. एजंटला परीक्षा देऊन विमा कंपनीची नेमणूक घ्यावी लागते आणि त्याचं कमिशन पॉलिसीच्या हप्त्यातून येतं. गळ्यात नको ती पॉलिसी मारली जाते, हे दुखणं खरंच, पण ते वेगळं.

मिस्टर दोन वर्षं एका कंपनीत आहेत. आयडी अ‍ॅक्टिव्ह ठेवायला महिन्याला 6,500 चा माल घ्यावा लागतो. कमिशन सरासरी 2,900 येतं. वर्षातून दोन सेमिनार, त्यांचे 14,000. "आता सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात" म्हणतात. (लातूर)

तुमच्याच आकड्यांनी बघू. वर्षाचा माल 78,000, सेमिनार धरून 92,000. कमिशन 34,800. तूट 57,200. साबण, टूथपेस्ट घरात वापरता, ते दुकानातून महिन्याला दीड हजाराचं आलं असतं असं धरून 18,000 वजा केले, तरी 39,200 घरातूनच गेले. यात पेट्रोल नाही, संध्याकाळच्या झूम मीटिंगा नाहीत, आणि तोंड चुकवायला लागलेले नातेवाईक तर नाहीतच.

"लेग बसला की चेक सुरू" हे वाक्य त्यांनी ऐकलं असेल; लेग म्हणजे खाली जोडलेल्यांची एक रांग. सुरू झाला तरी तो खालच्या कोणाच्या तरी अशाच 57,200 मधून यायचा. मला तिथेच हा धंदा पटत नाही.

माळ्यावरचे प्रोटीन पावडरचे डबे आज खाली काढा. सील शाबूत, मुदत शिल्लक असलेले वेगळे ठेवा. असा विक्रीयोग्य माल वाजवी अटींवर परत घेण्याची तरतूद कंपनीच्या करारात असावी लागते. मागणी ईमेलने करा, अपलाइनच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. कमिशनवर टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याच्या 26एएस या कर-उताऱ्यात दिसेल. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

आयटीआय करून एसी दुरुस्ती करतो. सीझनला दम खायला वेळ नाही, पावसाळ्यात हात रिकामे. मित्र म्हणतो, साखळीत ये, झोपेतही पैसे येतील. (नाशिक)

तुमच्याकडे अनोळखी लोक स्वतःहून फोन करतात. मित्राकडे करतात का, विचारा.

रिकामे महिने ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर उपाय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. प्रत्येक कामानंतर गिऱ्हाइकाचं नाव, एसीचं मॉडेल, तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवा. दिवाळीनंतर त्याच यादीला वर्षभराच्या कराराचा मेसेज टाका: दोन सर्व्हिस, मधल्या तक्रारींना व्हिजिट चार्ज नाही, गॅस आणि सुटे भाग वेगळे. निम्मे पैसे आगाऊ घ्या. पहिली सर्व्हिस उन्हाळ्याआधी, दुसरी पावसाळ्यानंतर. पावसाळ्यात वॉशिंग मशीन आणि आरओचं काम धरता येतं. दारात तुम्ही आधीच पोचलेले आहात.

दर ठरवताना शेजारच्या टेक्निशियनपेक्षा पन्नास रुपये कमी, एवढाच विचार करू नका. पेट्रोल, मदतनिसाची रोजी, जेट पंपाची झीज आणि जाण्यायेण्याचा वेळ धरा. गॅस भरताना गेजचा आधीचा आणि नंतरचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. गॅसवरूनच सगळ्यात जास्त संशय घेतात.

उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन फुकट होते, एजंटला हजार रुपये देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. धंद्याचं खातं मात्र याच आठवड्यात वेगळं उघडा आणि क्यूआर कोड त्याचाच लावा. पुढे मुद्रा कर्ज मागायला जाल तेव्हा बँक आधी तेच स्टेटमेंट चाळते.