डोंगर नको, आधी भारा बघ

स्त्रियांच्या आत्मकथनांतला निसर्ग आणि जात, असा विषय संशोधनाला घेतलायस, छान. पण डोंगर-नद्यांच्या वर्णनांवर खुणा करत बसू नकोस. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं, हाती आले फक्त पेन्सिलीचे फराटे.

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) घे. सुरुवातीलाच बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या दिसतात. तिथे चढ डोळ्यांना नाही, मानेला कळतो. घरी आई आयदानं विणतेय, म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या. इतरत्र हे काम बुरुडांचं, कोकणात मात्र महारांचं. एवढ्या एका तपशिलातच तुझं अर्धं प्रकरण आहे. बांबू कोण आणतं, सोलतं कोण, सूप कुणाच्या दारात विकलं जातं, असं विचारत जा. जात आपोआप वर येते.

मग बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ वाच. तो फलटणकडचा कोरडा मुलूख. कोकणातलं माप तिथे लावू नकोस. आणि हो, अनुवादावर भागवू नकोस. बोलीतले शब्द वेगळ्या वहीत उतरवून ठेव. ‘पर्यावरणीय स्त्रीवाद’, म्हणजे निसर्गाचं आणि बायकांचं शोषण जोडून बघणारा विचार, वगैरे शेवटच्या प्रकरणात आणलास तरी चालेल.