जपानच्या राष्ट्रीय पातळीवरच्या चित्रपट पुरस्कारात एखाद्या ॲनिमेशनपटाला 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' मिळालाय का?

हो, जपान अकादमी पुरस्कारात दोनदा, आणि दोन्ही वेळा दिग्दर्शक हायाओ मियाझाकींना: 1998 मध्ये 'प्रिन्सेस मोनोनोके' आणि 2002 मध्ये 'स्पिरिटेड अवे'. फक्त एक लक्षात घ्या, हा पुरस्कार आपल्या राष्ट्रीय पुरस्कारासारखा सरकारी नाही. तिथल्या चित्रपटसृष्टीतले लोकच मतदान करतात. 2007 पासून ॲनिमेशनसाठी वेगळा विभाग आहे. माझ्या मते त्यामुळे मुख्य पुरस्काराचं दार थोडं लोटलंच गेलं. तरी 2017 ची गंमत बघा: तुफान चाललेल्या 'युअर नेम' या ॲनिमेशनपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा मान मिळाला, पण ॲनिमेशनचा पुरस्कार नेला 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'नं.