वडिलांचा कोट आणि आपली आवड

प्रश्न : माझे वय २९ असून मी नाशिकला नोकरी करतो. वडिलांनी १९८६ साली स्वतःच्या लग्नासाठी शिवून घेतलेला गडद निळ्या लोकरी कापडाचा कोट मला मिळाला आहे. त्याची पँट आता नाही. कोट खांद्यांत जरा मोठा आणि बाह्यांना आखूड होतो. मित्र म्हणतात, सध्या ढगळ कपड्यांची फॅशन आहे, नवाच घे. खरे सांगायचे तर माझी स्वतःची आवड कोणती, हेच मला ठरवता येत नाही. काय करावे?

उत्तर : कोट ठेवा. तो वडिलांचा आहे हे कारण पुरेसे आहेच, पण शिवणकामाच्या दृष्टीनेही तो ठेवण्याजोगा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती तुम्हाला घरीच तपासता येईल. सर्वांत खालच्या काजाच्या खाली कोटाचा पुढचा भाग चिमटीत धरून बाहेरचे कापड आणि आतला पदर हळूच एकमेकांपासून दूर ओढा. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना जाणवला, तर आतले कापड टाक्यांनी बसवलेले आहे आणि असा कोट अंगाच्या ठेवणीनुसार वळत जातो. हेच आतले कापड, म्हणजे बकरम, डिंकाने चिकटवलेले असेल तर तो थर वेगळा लागत नाही, आणि वारंवार ड्रायक्लीन केल्यावर अशा कोटाच्या छातीवर फोड आल्यासारखे फुगवटे दिसू लागतात. त्यानंतर कोट उन्हासमोर धरून कसर लागलेली भोके आहेत का ते पाहा. काखेत आणि कॉलरखाली विशेष बारकाईने पाहा.

आता मापाविषयी. बाह्या वाढवता येतात, परंतु आत माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेले जादा कापड, किती सोडलेली आहे त्यावर सारे अवलंबून आहे. इंचभर मिळाली तर नशीब समजा. बाही उसवल्यावर जुन्या दुमडीची रेघ लोकरीवर कधी कधी राहून जाते, हेही आधीच लक्षात घ्या. पाठीच्या मधल्या शिवणीतून कंबर आत घेणे सोपे असते. खांद्याला मात्र हात लावू देऊ नका. खांदा कमी करायचा म्हणजे बाही काढून मुंढा (बाही जोडतात तो खांद्या-काखेभोवतीचा भाग) नव्याने बसवायचा, आणि हे काम जमणारे हात फार थोडे आहेत. माझा करड्या रंगाचा एक चांगला कोट एका शिंप्याने असाच उसवला; त्यानंतर हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत वर येत असे, आणि ती चूक पुन्हा दुरुस्त झाली नाही. तुमचा खांदा अर्धा इंच मोठा असेल तर तो तसाच घाला.

तसा तो आज जुनाटही दिसणार नाही. मिलानच्या जॉर्जिओ अरमानी यांनी सत्तरच्या दशकात कोटाच्या आतले कडक थर कमी करून तो अंगावर सैल पडू दिला, आणि ऐंशीच्या दशकात रुंद खांद्यांचा मोकळा कोट जगभर रुजला. आज ओव्हरसाइज्ड म्हणून दुकानांत जे टांगलेले दिसते, त्यात त्या काळाचा वाटा मोठा आहे. मित्र ज्या फॅशनसाठी नवा कोट घ्यायला सांगतात, तिच्या बरेच जवळचे काही तुमच्या कपाटात आधीच आहे.

पँटची अडचण खरी आहे. सूटचा गुळगुळीत, चमकदार कोट दुसऱ्या पँटवर घातला की जोडी हरवल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे चकचकीत बटणे काढून गडद तपकिरी शिंगाची बटणे लावावीत आणि खाली मध्यम करड्या रंगाची, किंचित खरखरीत पोताची पँट घालावी. निळी पँट घेऊ नका, कारण दोन निळ्या छटा जुळता जुळता चुकतात. आत पांढरा ऑक्सफर्ड शर्ट शोभेल, टाय नसला तरी चालेल. हा पोशाख नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीसाठी आहे. मे महिन्यात लोकर अंगावर चढवण्याचा हट्ट धरू नये, तेव्हा लिनन बरे.

आवडीचे म्हणाल, तर ती विचार करून ठरत नाही, वापरून कळते. दोन महिने रोज रात्री एवढेच लिहून ठेवा, की आज काय घातले आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काय काढून टाकावेसे वाटले. जे कपडे संध्याकाळपर्यंत अंगावर आहेत हेच तुम्ही विसरता, त्यांचा रंग, कॉलर आणि पोत पाहा. तुमची आवड तिथे सापडेल. तोपर्यंत नवी खरेदी थांबवावी, असे मला मनापासून वाटते.

शिंप्याकडे जाण्यापूर्वी कोट घालून वडिलांसमोर उभे राहा. मधल्या वर्षांत त्यांनी तो कुठे सैल करून घेतला होता का, हे त्यांना आठवत असेल, आणि ते सांगितले तर आत माया उरली आहे की आधीच वापरली गेली आहे, हे उसवण्यापूर्वीच शिंप्याला कळेल.