वाचकांचे प्रश्न : पंचविसाचा तुकडा, सोळाची सम

मी तबला शिकतो. मित्राने मेशुगा या स्वीडिश मेटल बँडचं 'रॅशनल गेझ' ऐकवलं आणि ते 'विषम तालात' असल्याचं सांगितलं. मोजायला बसलो की दुसऱ्या फेरीतच सुटतं. हे नेमकं किती मात्रांचं आहे? (मिरज)

सोळाच. मित्र गिटार मोजतोय, म्हणून फसतोय.

तबला येतो, तर तुमचं काम सोपं आहे. चार ठोक्यांचा एक बार म्हणजे तीनतालाचं सोळा मात्रांचं एक आवर्तन धरा. ड्रमर टोमास हाकेचा झांजेवरचा हात १, ५, ९, १३ या मात्रांवर पडतो, म्हणजे विभागांच्या तोंडावर. स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) पडतो नवव्या मात्रेवर, तुमच्याकडे जिथे खाली (टाळीऐवजी रिकामा हात फिरवायची जागा) असते तिथे. पहिली चूक इथेच होते. सगळ्यात जड ठोका खालीवर आल्यामुळे कान तिलाच सम (आवर्तनाची पहिली मात्रा) समजून बसतो.

आता मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. गिटार आणि पायाचा ड्रम मिळून २५ मात्रांचा एक तुकडा वाजवतात, पाच वेळा. झाल्या १२५. उरलेल्या ३ मात्रा भरल्या की १२८, म्हणजे बरोबर आठ आवर्तनं, आणि सगळे एकदम समेवर. सहा चोक चोवीस आणि वर एक, म्हणून तुकडा दर फेरीला झांजेपासून एक मात्रा पुढे सरकतो. दुसरी फेरी सुरू होते दुसऱ्या आवर्तनाच्या दहाव्या मात्रेवर, स्नेअरच्या अगदी पाठोपाठ. स्नेअरच घाईत पडला असं वाटतं आणि तुम्ही गिटारच्या मागे जाता. तुमचं सुटतं ते इथे. तिसरी फेरी चौथ्या आवर्तनात तिसऱ्या मात्रेवर, चौथी फेरी पाचव्यात बाराव्या मात्रेवर. पाचवी सातव्या आवर्तनात पाचव्या मात्रेवर, थेट झांजेवर येते. ही खरी लबाड जागा. बऱ्याच वेळाने तुकड्याचं तोंड आणि झांज एकत्र आल्यामुळे सम आल्यासारखं वाटतं, पण अजून २८ मात्रा बाकी असतात.

पहिल्या दोन-तीन वेळा गिटारकडे लक्षच देऊ नका. प्लेअरचा वेग ०.७५ वर ठेवा, झांजेला उजवा हात मांडीवर, स्नेअरला डावा. आठ आवर्तनं बोटांवर मोजा. हात न अडखळता चालायला लागला की मगच गिटार कानात घ्या, पण हात तिच्या हवाली करू नका.

या रचनेला तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) म्हणायचा मोह होईल. म्हणू नका. तिहाईचा शेवटचा ठोका हिशेबानेच समेवर येतो. इथे हिशेब मुद्दाम न जुळणारा घेतला आहे आणि शेवटी उरलेल्या जागेत तीन मात्रांचं ठिगळ लावलं आहे. त्या ठिगळाची गंमत ज्याला कळली त्याला मेशुगा कळले.

हे गाणं 'नथिंग' या अल्बमवर आहे. २००२ च्या आवृत्तीत खाली उतरवलेल्या सात तारी गिटारी आहेत, कारण आठ तारींच्या तेव्हा तयार नव्हत्या. २००६ मध्ये गिटारी आठ तारींवर पुन्हा वाजवल्या. मोजायला कुठलीही चालेल. पण फोनच्या स्पीकरवर मोजू नका. आठ तारींची खालची तार सुमारे ४३.६५ हर्ट्झवर लावलेली असते, साध्या गिटारची ८२.४ वर. फोनच्या बोटभर स्पीकरमधून तो खर्ज येतच नाही, नुसती वरची खरखर येते.

ओपेथ हा मेटल बँड ऐकायची इच्छा आहे, पण त्यांच्या गाण्यातलं गुरगुरणं सहन होत नाही. कुठून सुरुवात करू? (डोंबिवली)

नेहमीचा सल्ला त्यांचा 'डॅम्नेशन' (२००३) हा अल्बम असतो, कारण त्यात गुरगुरणं अजिबात नाही. अल्बम सुंदर आहे, पण तुमची अडचण तो सोडवत नाही, टाळतो. तो संपवून पुढच्या अल्बमला हात घातलात की पुन्हा जिथल्या तिथे.

त्यापेक्षा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) घ्या, पण क्रमाने नको. आधी 'हार्व्हेस्ट', जे पूर्ण साध्या गळ्यात आहे. मग 'द ड्रेपरी फॉल्स'. जवळजवळ अकरा मिनिटांचं गाणं, आणि निम्म्यापर्यंत गायक मिकाएल ओकरफेल्ट साधंच गातो. गुरगुरणं येईपर्यंत चाल तुमच्या ओळखीची झालेली असते आणि त्या आवाजाची तिथे गरज काय, हे कानाला आपोआप पटतं. नंतर 'ब्लीक', ज्यात दोन्ही गळे शेजारी शेजारी आहेत. पहिलं गाणं 'द लेपर अॅफिनिटी' शेवटी ठेवा. ते सुरुवातीलाच अंगावर येतं आणि संपतं मात्र पियानोवर. निर्मितीत पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनचा हात आहे, त्यामुळे इतक्या गर्दीतही अकूस्टिक गिटारची तार न् तार सुटी ऐकू येते.

शब्द कळत नाहीत ही तक्रार खरी आहे. या आवाजात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात, त्यात व्यंजनं बुजून जातात. एकदा शब्द समोर ठेवून ऐका. दुसऱ्या वेळी कागदाशिवायही निम्मे शब्द कळतील.

आवडत्या अल्बमची रीमास्टर (आवाजावर नव्याने काम केलेली) आवृत्ती घेतली. आवाज मोठा आहे, पण पंधरा मिनिटांत कान विटतात. दोष हेडफोनचा की माझा? (नाशिक)

बहुतेक दोघांचाही नाही. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलचं छत असतं. सरासरी आवाज वर ढकलायचा तर स्नेअरसारखी उंच टोकं लिमिटरने (आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या साधनाने) छाटावी लागतात. मेटलमध्ये हे जास्त खुपतं, कारण विकृत केलेली गिटार मुळातच सपाट, एकसलग असते. चढउतार उरतात ते ड्रममध्येच, आणि नेमके तेच छाटले जातात.

तपासायचं असेल तर दोन्ही आवृत्त्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जुनीत काटेरी कुंपण दिसेल, नवीत वीट. मग दोन्हींना 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' लावून समान पातळीवर आणा, उणे २३ एलयूएफएस (जाणवणारा आवाज मोजायचं एकक) चालेल, आणि मगच तुलना करा. ही पायरी गाळली तर मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि निकाल चुकतो. समान पातळीवर स्नेअर मऊ, थपथपीत वाटला तर जुनीच ठेवा. मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'ला (२००८) असंच चिरडलं होतं. गिटार हिरो या खेळातली त्याच गाण्यांची आवृत्ती कमी दाबलेली निघाली आणि चाहते चक्क खेळातली गाणी ऐकायला लागले.

आणि कान विटतात तेव्हा बंद करा. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटांची धरतात, ८५ ला आठ तासांची.

डेथ मेटलमध्ये बास गिटार असते तरी का? (पुणे)

असते, पण बहुतेक वेळा गिटारचेच स्वर खालच्या सप्तकात वाजवते आणि त्यांच्याच सावलीत राहते. वेगळी ऐकायची असेल तर डेथ या बँडचा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) लावा. स्टीव्ह डिजॉर्जिओची बास बिनपडद्यांची आहे, स्वरांवरून घसरत जाते, म्हणून लगेच सापडते. तरी डेथचा एकच अल्बम घ्यायचा तर 'सिम्बॉलिक' (१९९५). बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरला तिथे चाल आणि कसरत यांचं माप सापडलं आहे. आधीच्या अल्बममध्ये कसरत थोडी वरचढ होते.

आपल्याकडचं काही? (मडगाव)

मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडचा 'दशावतार' (२०१७). मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. क्रम मोडून ऐकू नका.