गाभण डुकरिणीला खडा धरतो, विष्ठा कडक होते. प्रोबायोटिक द्यावे का?

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंची पुडी. द्यायला हरकत नाही, पण आधी पाणी आणि कोंडा, पुडी नंतर. व्यायच्या सुमाराला मादी कमी हलते, आतडी मंदावतात, विष्ठा सुक्या गोळ्यांची पडते. अशी मादी व्यायला जास्त वेळ घेते, आणि पुढे कासेला सूज, दूध कमी होणे हेही मागे लागू शकते. म्हणून शेवटच्या आठवड्यात खुराकात गव्हाचा कोंडा हळूहळू वाढवा. पाणी पिण्याच्या नळीचे निपल दाबून मिनिटभर बादली धरा, दोनेक लिटर तरी भरायला हवे. पिल्ले पाजणारी मादी दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिते; घोडे बहुतेकदा इथेच अडते. प्रोबायोटिक घ्यायचेच तर बॅसिलस या जंतूचे घ्या. त्याचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट बनवतानाच्या उष्णतेतही टिकतात. साधारण ११४ दिवसांच्या गाभणकाळातले शेवटचे तीन आठवडे आणि पुढे पिल्ले दुधावरून तोडेपर्यंत द्या, कारण पिलांच्या पोटात सुरुवातीचे जंतू बरेचसे आईच्या विष्ठेतूनच जातात. फरक मात्र सगळीकडे सारखा दिसत नाही, आणि खुराकातल्या मक्याला बुरशी असेल तर पुडी वायाच. ताप ४० अंश सेल्सिअसवर गेला किंवा खाणे सुटले, तर पशुवैद्यच बोलवा.