पंप काढण्याआधी

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. इन्सुलिनचा पंप सोडून परत इंजेक्शनवर यायचं तुझं ठरलंय आणि घरचे म्हणतायत, "आता पुन्हा सुया कशाला?" दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा सुई-नळीचा सेट, त्याचा महिन्याचा खर्च, लातूरच्या उन्हाळ्यात घामानं सुटून येणारी चिकटपट्टी आणि तिच्याखाली उठणारं पुरळ. मला एवढी कारणं पुरेशी वाटतात. दिवसाला चार-पाच इंजेक्शनं घेऊन शुगर छान सांभाळणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. मला काळजी आहे ती मधल्या आठवड्याची. पंप तुझ्या नकळत बरीच कामं उरकत होता. ती कोणती, हे नीट कळल्याशिवाय तो काढू नकोस.

आधी एक वही घे. पंपाच्या सेटिंगमध्ये जाऊन बेसलचा, म्हणजे दिवसभर थेंबाथेंबानं जाणाऱ्या इन्सुलिनचा, एकेक टप्पा उतरवून काढ: रात्री बारा ते तीन किती, तीन ते सात किती, दुपारी किती. त्याखाली दिवसाची बेरीज, कार्बचं प्रमाण (एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरतं), करेक्शनचा आकडा (एका युनिटनं शुगर किती उतरते) आणि मागच्या दोन आठवड्यांचं रोजचं एकूण इन्सुलिन. ही वही डॉक्टरांपुढे ठेव. लाँग ॲक्टिंगचा, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा, पहिला डोस त्यांना यावरूनच ठरवता येईल. पंपावरच्या बेसलपेक्षा तो पुष्कळदा थोडा जास्त लागतो. तुला किती लागेल ते मी सांगणार नाही, आणि तूही अंदाजानं ठरवायचं नाहीस.

आता जे लिहितेय ते दोनदा वाच. पंपात फक्त रॅपिड, म्हणजे झटपट काम करून संपणारं इन्सुलिन असतं, त्यामुळे अंगात मागे साठा राहत नाही. पंप काढला की काही तासांतच इन्सुलिन संपतं आणि किटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात साठणारी घातक आम्लं, वाढायला लागतात. उलट ग्लार्जिनसारखं लाँग ॲक्टिंग इन्सुलिन टोचल्यावर कामाला लागायला तास-दोन तास घेतं. म्हणून आधी इंजेक्शन घ्यायचं, पंप चालूच ठेवायचा आणि साधारण दोन तासांनी काढायचा. डेग्लुडेक हे त्याहून लांब चालणारं इन्सुलिन दिलं असेल तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात; तेव्हा पंप कधी काढायचा ते डॉक्टरांकडून लिहून घे आणि रोज सकाळी शुगर बघून डोस हलवत बसू नकोस. हे सगळं सुट्टीच्या दिवशी सकाळी कर, तेही गावी, आई जवळ असताना. होस्टेलवर नको. पहिल्या काही रात्री तीनच्या सुमाराला उठून शुगर बघ. शुगर सतत मोजणारा सेन्सर लावत असशील तर तो चालू ठेव, पंप गेला म्हणून सेन्सर जायची गरज नाही.

पहाटेच्या शुगरनं निराश होऊ नकोस. पंप पहाटे बेसल वाढवायचा. इंजेक्शनला तसं सांगता येत नाही, एकदा टोचलं की दिवसभर ते आपल्या चालीनं चालतं. खेळायचंही तसंच. पूर्वी मॅचच्या आधी तू बेसल कमी करायचास, आता आधी थोडं खावं लागेल आणि खिशात ग्लुकोज पावडर हवीच. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घे, म्हणजे साखरेचे तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास.

आणखी एक हिशेब पंप ठेवायचा: अंगात अजून किती इन्सुलिन शिल्लक आहे. रॅपिडचा असर साधारण चार तास राहतो. मेसमध्ये दोन वाजता जेवलास, साडेतीनला शुगर २५० दिसली आणि घाबरून पुन्हा टोचलंस, तर संध्याकाळी क्लासमध्ये हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, ठरलेला. म्हणून प्रत्येक डोसची वेळ लिहायचीच. भाकरीचा अंदाजही एकदा नीट बसव: १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कार्ब असतात. आईला पीठ तोलून चार भाकरी थापायला सांग, मग तुझ्या घरची एक भाकरी किती, ते कायमचं कळेल.

पेनला नवी सुई लावली की आधी दोन युनिट हवेत सोड आणि टोकावर थेंब दिसला तरच टोच. बटण दाबून झाल्यावर सावकाश दहा आकडे मोजून मग सुई काढ. पोटावर जागा बदलत राहा. एकाच जागी टोचून गाठ झाली की इन्सुलिन नीट लागत नाही, आणि माणूस विनाकारण डोस वाढवत बसतो.

तालुक्याच्या मेडिकलवर पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज नसेल तर ते बाटली पुढे करतील. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं ओढलंस तर १० युनिट समजून २५ युनिट अंगात जातील. घाई कितीही असो, बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं, आणि खोलीत फ्रीज नाही म्हणतोस. मग मोठ्या मडक्यात ओली वाळू घाल, त्यात छोटं मडकं बसव आणि पेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत ठेव. वाळू रोज ओली करायची. एसटीनं येताना पेन खिडकीजवळच्या बॅगेत ठेवू नकोस, आणि बर्फाला तर चिकटूच देऊ नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

पंप कुणाला देऊन टाकू नकोस, बॅटरी काढून कपाटात ठेव. पहिल्या आठवड्याच्या वहीचे फोटो मला रोज रात्री पाठव. शंका आली तर कितीही वाजता फोन कर. पण उलट्या होत असतील आणि किटोन आले असतील, तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, आधी दवाखाना गाठ.

तुझी,
ताई